एक बुरशी की अनेक?

२०२१च्या मे महिन्यात इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात नाक-डोळ्यांच्या रुग्णांची रीघ लागली. देवास, धार, उज्जैन, खरगोन, खंडवा अशा भोवतालच्या जिल्ह्यांतून माणसं येत होती, बहुतेक नुकतीच कोविडमधून उठलेली. कुणाचा गाल बधिर झालेला, कुणाची पापणी सुजून डोळा मिटलेला, कुणाच्या नाकातून काळपट पाणी येतंय, कुणाचे वरचे दात हलू लागलेले. म्युकरमायकोसिस हा जिभेला जड शब्द आठवडाभरात घरोघरी पोचला. ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरभर वणवण करू लागले. त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता: ही बुरशी आली कुठून? कुणी ऑक्सिजनच्या सिलिंडरला दोष दिला, कुणी ह्युमिडिफायरमध्ये भरलेल्या नळाच्या पाण्याला, कुणी दिवसेंदिवस वापरलेल्या मास्कला.

प्रश्न रास्त होता. ज्याच्या घरातल्या माणसाचा डोळा गेला, त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार होता. पण ‘कुठून’ हे शोधायचं, तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो फारच थोड्यांनी विचारला. बुरशी किती प्रकारची होती? एम.वाय.मध्ये शेजारशेजारच्या खाटांवर पडलेल्या दोन रुग्णांच्या नाकात एकच बुरशी होती, की नाव एक असलेल्या दोन वेगळ्या बुरश्या? वरवर पाहता हा प्रयोगशाळेतल्या माणसांचा किरकोळ वाद वाटेल. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे.

आधी ही बुरशी नीट पाहू. लोकांनी तिला ‘काळी’ म्हटलं, पण ती काळी नसते. ऱ्हायझोपस आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ओलसर पावावर दोन-तीन दिवसांत कापसासारखी पांढरी लव येते आणि मग तिच्यावर करड्या-काळ्या टाचणीच्या डोक्यांएवढे ठिपके दिसू लागतात, तीच ही. ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या. रुग्णाच्या टाळूवर दिसणारा काळा रंग मात्र बुरशीचा नसून मेलेल्या मांसाचा असतो. ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि तो भाग काळा पडतो. औषधही रक्तातूनच जात असल्यामुळे मेलेल्या भागापर्यंत ते पोचत नाही. म्हणून सर्जनला काळं पडलेलं सगळं कापून काढावं लागतं, कधी जबडा, कधी डोळा.

भारतात या रोगाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ऱ्हायझोपस अऱ्हायझस ही जात. तिच्याखालोखाल ॲपोफायसोमायसेस व्हेरिएबिलिस. चंडीगढच्या पीजीआयमध्ये डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं ही मोजदाद केली, आणि ऱ्हायझोपस होमोथॅलिकस ही पूर्वी क्वचित दिसणारी जातही रुग्णांमध्ये सापडू लागल्याचं दाखवलं. ही झाली जातींची नावं. पण जात सांगून ओळख पुरी होत नाही. ऱ्हायझोपस अऱ्हायझसमध्येच दोन मोठे गट आहेत. एक प्रामुख्याने लॅक्टिक आम्ल बनवतो, दुसरा फ्युमरिक आणि मॅलिक. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना वेगळं ओळखणं कठीण. आणि प्रत्येक गटाच्या पोटात पुन्हा असंख्य स्ट्रेन. कोविडने हा शब्द आपल्या तोंडी बसवला आहे, तोच इथे वापरतो.

हे वैविध्य येतं कुठून, हेही समजून घेण्यासारखं आहे. एका पिशवीत हजारो बीजाणू तयार होतात आणि वाऱ्यावर जातात. ते आईचीच नक्कल असतात, पण नक्कल करताना चुका होत राहतात आणि पिढ्यांमागून पिढ्या साठत जातात. शिवाय या बुरश्यांमध्ये मीलनही होतं. अल्बर्ट ब्लेकस्ली या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०४ साली दाखवून दिलं की यांच्यात अधिक आणि उणे असे दोन प्रकार असतात. एकाच प्रकारचे धागे समोरासमोर आले तर काही होत नाही, भिन्न प्रकारचे आले तर ते जुळतात आणि जनुकं मिसळतात. होमोथॅलिकसला तर जोडीदारही लागत नाही. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. ऱ्हायझोपस मायक्रोस्पोरस या जातीचे काही स्ट्रेन भाताची रोपं मारतात, आणि ते मारणारं विष बुरशी स्वतः बनवत नाही. तिच्या धाग्यांच्या आत राहणारे जीवाणू ते बनवतात, हे जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी २००५ साली सिद्ध केलं. त्याच जातीचे दुसरे स्ट्रेन वापरून इंडोनेशियात सोयाबीनचं टेंपे करतात आणि लोक ते आवडीने खातात. तेव्हा नुसतं जातीचं नाव ऐकून भ्यायचं की जेवायचं, हेही ठरत नाही.

आता मूळ मुद्दा. बाजारात खोट्या नोटा सापडल्या आणि सगळ्यांवर एकच क्रमांक असला, तर पोलीस एकाच छापखान्याच्या मागावर जातात. क्रमांक निरनिराळे असले तर शोधाची दिशाच बदलते. साथीचंही तसंच. एका शहरातल्या पन्नास रुग्णांत बुरशीचा एकच स्ट्रेन निघाला, तर कुठेतरी एक उगम आहे: एखादं दूषित औषध, एखादी धुलाईची खोली, एखादा हात. पन्नास रुग्णांत तीस-चाळीस स्ट्रेन निघाले तर उगम एक नाही. मग बुरशी आधीपासूनच सगळीकडे होती आणि बदल दुसरीकडे कुठेतरी झाला, हे मान्य करावं लागतं.

दोन्ही तऱ्हेची उदाहरणं नोंदलेली आहेत. २२ मे २०११ रोजी अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरावर भीषण टोर्नेडो कोसळला. त्यानंतर जखमी झालेल्यांपैकी १३ जणांना म्युकरमायकोसिस झाला आणि त्यातले ५ दगावले. सगळ्यांत ॲपोफायसोमायसेसची एकच जात. शहर एक, दिवस एक, जात एक. कुणालाही वाटावं की उगमही एकच असणार. पण संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर दिसलं की त्या जातीचे एकाहून अधिक स्ट्रेन होते. म्हणजे कुठल्या रुग्णालयाने ती पसरवली नव्हती. वादळाने उडवलेली माती आणि लाकडाच्या ढलप्या माणसांच्या जखमांत शिरल्या होत्या, आणि एका शहराच्या मातीत एकाच जातीची इतकी कुळं नांदत होती.

उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. अनुराधा चौधरी यांच्या गटाने २०१३ साली दोन रुग्णालयांतल्या १२ रुग्णांच्या रक्तात कँडिडा ऑरिस सापडल्याचं प्रसिद्ध केलं. जनुकीय ठसा सगळ्यांचा सारखा होता. ही बुरशी माणसाच्या कातडीवर, खाटेच्या कठड्यावर टिकते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तिथे दोष मातीला देऊन चालत नाही, तिथे हात धुवावे लागतात, खोल्या निर्जंतुक कराव्या लागतात. त्याच गटाने आदल्याच वर्षी ॲस्परजिलस फ्युमिगेटसबद्दल दाखवलं होतं की भारतात ॲझोल औषधांना न जुमानणारे जे नमुने त्यांनी माती आणि बागांतून गोळा केले, त्या सगळ्यांचा ठसा एकच आहे. एकच स्ट्रेन फोफावला होता. शेतात फवारल्या जाणाऱ्या त्याच वर्गातल्या बुरशीनाशकांकडे त्यामुळे बोट गेलं.

आणि शहराची वेस? बुरशीला ती ठाऊक नसते. जांभूळ-आंब्यासारख्या जुन्या झाडांच्या ढोलीत क्रिप्टोकॉकस नावाची मेंदूज्वर करणारी बुरशी राहते. प्रा. एच. एस. रंधावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या अशा झाडांवरचे नमुने तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन गोष्टी पुढे आल्या. या बुरशीत जनुकांची देवाणघेवाण झाल्याच्या खुणा होत्या, आणि ती लांब लांबपर्यंत पसरल्याच्याही. म्हणजे एका मोहल्ल्यात अनेक कुळं असू शकतात, आणि त्यांतलंच एखादं कुळ शेकडो मैलांवरच्या झाडातही असू शकतं. ‘इंदूरची बुरशी’ असं काही नसतं. इंदूरच्या हवेत त्या क्षणी असलेली गर्दी असते.

इथे इंदूरच्याच एका जुन्या माणसाला बोलवावं लागेल. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इथे होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी केली. आजचं इंदूरचं कृषी महाविद्यालय तिचाच वारसा सांगतं. त्यांची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली: काडीकचरा, शेण, मूत्रमाती यांचे थर, ठरावीक दिवसांनी वरखाली करणं आणि तीन महिन्यांत खत. १९३१ साली त्यावरचं पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्याबरोबर लिहिलं. वाडांचं नाव आपण मराठी माणसंही विसरलो, हे मला खटकतं. गंमत अशी की हॉवर्ड मुळात बुरशीतज्ज्ञ. भारतात येण्याआधी वेस्ट इंडीजमध्ये ते त्याच हुद्द्यावर होते. आणि कंपोस्टच्या खड्ड्यात पहिल्या दिवसांत जी मंडळी कामाला लागतात त्यांत म्युकर आणि ऱ्हायझोपसचा वर्ग असतो; ढीग तापला की ॲस्परजिलस फ्युमिगेटस पुढे होते. ज्या बुरश्या दवाखान्यात जीव घेतात, त्याच इंदूरच्या खड्ड्यात खत करत होत्या. 

हॉवर्ड यांचं ठाम मत होतं की बुरशी आणि कीड ही रोगाची खरी कारणं नव्हेत. पिकाचं पोषण बिघडलं, जमीन खंगली की त्या येतात. त्या दुखणं दाखवून देतात. हे मत घेऊन २०२१कडे पाहिलं तर चित्र किती जुळतं! म्युकरमायकोसिस माणसाकडून माणसाला होत नाही. एखाद्या नव्या स्ट्रेनने काही आठवड्यांत दिल्ली, अहमदाबाद, पुणे, नागपूर, इंदूर सगळं गाठावं, अशी त्याची चालच नाही. तरी तो एकदमच सगळीकडे वाढला. देशातल्या १६ केंद्रांनी २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधले रुग्ण आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हाच वाढ २.१ पट होती. दुसरी लाट तर अजून यायची होती. जुलै २०२१पर्यंत देशात ४५,००० वर रुग्ण आणि ४,३०० वर मृत्यू नोंदले गेले. सगळीकडे समान काय होतं? मधुमेह, अनेकांचा तोवर न कळलेला. विषाणूने आणखी चढवलेली साखर. आणि स्टेरॉइड, ज्याने प्राण वाचवले, पण जे कित्येकांना गरजेपेक्षा लवकर, जास्त आणि जास्त दिवस दिलं गेलं. साखर चढली आणि रक्त आम्लाकडे झुकलं की बांधलेलं लोह सुटं होतं. ऱ्हायझोपसला तेच हवं असतं. तिला रोखणाऱ्या पेशी स्टेरॉइडने लुळ्या पडलेल्या. बीजाणू तर आपण सगळेच रोज हुंगतो.

देशातल्या ११ रुग्णालयांची हवा आणि उपकरणं तपासली गेली, तेव्हाही हेच दिसलं. बाहेरच्या हवेच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत या वर्गाच्या बुरश्या होत्या, आतल्या हवेच्या साधारण पाचातल्या एका नमुन्यात. एसीच्या झडपांवर काही सापडल्या, वापरलेल्या मास्कवर क्वचित. ज्या गोष्टींवर सर्वांत जास्त आळ आला होता, त्या उगम ठरल्या नाहीत. इंदूर २०१७पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ओळखलं जातं आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण झाडलेल्या रस्त्यावरही हवा तीच वाहते. स्वच्छतेने पुष्कळ रोग दूर राहतात, त्या यादीत हा नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा: २०२१ साली बुरशी नवी नव्हती, अनेक कुळांची जुनी बुरशी होती, आणि बदललो होतो आपण.

पण इथेच थांबलो तर हॉवर्ड यांच्या मताच्या आहारी गेल्यासारखं होईल, आणि इंदूरच त्याला उत्तर देतं. १९४६-४७च्या हंगामात मध्य भारतात गव्हावर काळा तांबेरा हा बुरशीचाच रोग पडला. सुमारे २० लाख टन गहू गेला. त्यानंतर, १९५१ साली, भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र इंदूरला सुरू झालं. त्या केंद्राचं काम हॉवर्ड यांच्या विचाराच्या अगदी उलट दिशेने चालतं. तिथे प्रश्न असतो तो तांबेऱ्याचा कोणता स्ट्रेन आला आहे हा. पानावर सगळे सारखेच दिसतात, विटकरी किंवा काळपट पुरळ. पण गव्हाच्या ठरावीक वाणांच्या संचावर तोच तांबेरा टाकला की एका वाणावर तो फोफावतो, दुसऱ्यावर मरतो, आणि त्या नमुन्यावरून त्याची ओळख पटते. करमचंद मेहता यांनी आयुष्य घालून दाखवलं की उन्हाळ्यात मैदानात तांबेरा जगत नाही, डोंगरांतून तो दरवर्षी नव्याने येतो. काळ्या तांबेऱ्याची वाट निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून उत्तरेकडे जाते. त्या वाटेवर पाळत ठेवायला महाबळेश्वरलाही गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र आहे. उत्तम पोसलेलं, खतपाणी मिळालेलं रान असलं, तरी त्या वाणाला जुमानत नाही असा स्ट्रेन आला की पीक जातं. तिथे पिकाच्या तब्येतीला दोष देणं अन्यायाचं. ‘एचआय’ या अक्षरांनी सुरू होणारे गव्हाचे वाण, उदाहरणार्थ एचआय ८७५९ म्हणजे पुसा तेजस, याच पाळतीतून पुढे आले.

माणसांतही अशी गोष्ट घडली आहे, आणि तिचा त्रास आज घरोघरी आहे. गेल्या दशकात नायटा बरा होईना, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगू लागले. वर्षानुवर्षं काम देणारी टर्बिनाफिनची गोळी निकामी ठरू लागली. २०२० साली नायट्याच्या या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव मिळालं. तिच्या नमुन्यांत जनुकीय फरक जवळजवळ नाही. एकच कुळ पसरलं आहे, भारतात आणि भारताबाहेरही. म्हणजे तांबेऱ्याची गोष्ट. पण तिच्या पसरण्याला दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी हात दिला, असंही डॉक्टर सांगतात. म्हणजे हॉवर्ड यांचीही गोष्ट. दोन्ही उत्तरं एकाच रोगात शेजारी बसू शकतात. कोणाचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि मोजायला नमुना हातात लागतो. २०२१ साली निदान बहुतेक ठिकाणी केओएच हे रसायन लावून काचपट्टीवर झालं. रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे धागे दिसले की उपचार सुरू. ते बरोबरच होतं, कारण एका दिवसाचा उशीर डोळा घेऊन जातो. पण काचपट्टीवर स्ट्रेन दिसत नाही, कित्येकदा जातही नाही. त्यासाठी बुरशी बशीत वाढवावी लागते, आणि ही बुरशी नाजूक. ऊतीचा तुकडा इतर जंतूंसाठी वाटतात तसा वाटला तर तिचे धागे तुटून ती मरते; बारीक चिरूनच लावावा लागतो. काळजी घेऊनही सुमारे निम्म्याच नमुन्यांत ती उगवते. शेकडो शस्त्रक्रिया चालू असताना एवढं करायला माणसं कुठून आणणार, हे मला कळतं. तरी जो नमुना फॉर्मॅलिनच्या बरणीत गेला, त्यातून ती बुरशी पुन्हा कधी उगवत नाही.

बुरश्या जपून ठेवण्याची सोय देशात आहे. चंडीगढच्या पीजीआयमध्ये रोगकारक बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. गव्हाच्या तांबेऱ्याचा नमुना शेतकऱ्याच्या बांधावरून उचलून तपासायची शिस्त या देशाने कित्येक दशकांपूर्वी लावून घेतली. माणसाच्या बुरशीसाठी तीच शिस्त प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात हवी. इंदूरसारख्या शहरात तर हवीच, कारण माळवा आणि निमाडचे रुग्ण शेवटी इथेच येतात. दर महिन्याला थोडे नमुने बशीत वाढवून संग्रहाला पाठवावेत, साथ नसतानाही. साथ आल्यावर तुलना करायला आधीचे नमुने लागतात. ही विनंती मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागांतल्या शिक्षकांना आणि त्यांना पैसा देणाऱ्या शासनाला करतो. आणि वाचकांना एवढंच: घरात कुणाला मधुमेह असेल तर साखर तपासत राहा, स्टेरॉइडची गोळी किंवा मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि गाल बधिर झाला किंवा नाकातून काळपट पाणी आलं तर त्याच दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा.